मिटलेला झोआ सरकला तेव्हा

पार्ल्याच्या काकांनी रात्री दहाला त्यांच्या समुद्री मत्स्यालयाचा फोटो पाठवला. निळ्या उजेडात एक धुरकट ठिपका आणि खाली, "हे काय आहे रे?" निळे दिवे बंद करून पांढऱ्या उजेडात काढा, हे गिऱ्हाइकांना सांगून जीभ झिजली.

त्यांच्या टाकीतले झोआ, म्हणजे फुलासारखे उमलणारे, एका जागी चिकटून राहणारे छोटे समुद्री जीव, आठवडाभर उमलत नव्हते. माझा धंद्यातला जोडीदार टाकीतल्या प्रत्येक बिघाडाचं खापर ब्रिसलवर्म या कुसळांच्या समुद्री किड्यावर फोडतो. झोआच्या बुडाशी दोन दिसले, झालं! सापळा लावून चौदा काढले. एकाची कुसळं माझ्या बोटात घुसली. चिकटपट्टी लावून ओढली, तरी दोन दिवस ठणका होता. खरं तर हे बिचारे मेलेलं, कुजलेलं खाणारे. मयताला आलेल्यांनाच आम्ही खुनी ठरवलं आणि मीही मान डोलावली. झोआ मिटलेलेच.

मग दिवे मालवून दोन तासांनी लाल टॉर्च घेऊन बसलो. लाल उजेडाला यातले बरेच जीव बुजत नाहीत. काकू चहा ठेवून झोपायला गेल्या. वीस मिनिटं काहीच नाही. मग मिटलेल्या झोआंपैकी एक सरकला. झोआ असे चालत नाहीत!

चिमट्याने उचलून पांढऱ्या उजेडात धरलं. जेमतेम सेंटीमीटरभर, बिनशंखाची समुद्री गोगलगाय. पाठीवर बोटाबोटांची झालर, आणि तिचा रंग हुबेहूब त्या झोआचा. झोआ खाताना त्यातलं शैवाल अंगात साठवते, म्हणून दिवसाढवळ्या समोर असूनही दिसत नाही. हातमोजे, चष्मा चढवला (झोआत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं, तिथे हलगर्जी नको) आणि झोआ ज्यावर चिकटवलेले असतात तो छोटा प्लग उलटा केला. बुडाला चकलीसारखं पांढरं वेटोळं. अंडी. औषधाच्या पाण्यात बुडवलं की गोगलगायी गळून पडतात, अंडी ढिम्म राहतात. ती चिमट्याने खरवडायची आणि काही दिवसांनी पुन्हा हाच खेळ. एक वाजेपर्यंत तेच करत होतो.

"पण आली कुठून रे?" काकांनी विचारलं.

"दगडातून येतात, काका."

त्यांच्या टाकीतला दगड तीन वर्षं जुना. तो प्लग मात्र गेल्या महिन्यात मीच आणून लावला होता. आधी औषधात बुडवला होता, हे नक्की. उलटा करून पाहिला होता का, ते काही केल्या आठवत नाही.