घोड्यांच्या मापाची अग्निशमन केंद्रे

वस्तीवस्तीत अग्निशमन केंद्राची स्वतंत्र इमारत असावी ही पद्धत रुजली ती मुख्यतः घोड्यांमुळे. त्याआधी अनेक ठिकाणी हाताने चालवायचा बंब ठेवण्यापुरती साधी शेड पुरत असे. १८५३ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी शहराने पगारी दल उभारले आणि वाफेचा बंब वापरात आणला. पुढे इतर शहरांनीही तेच केले. हा बंब काही टन वजनाचा असे आणि तो भरधाव ओढताना घोडे लवकर दमत, म्हणून केंद्रे एकमेकांपासून थोड्या अंतरावर बांधावी लागली. जवान तिथेच राहू लागल्याने वर झोपण्याची खोलीही आली.

या इमारतींची खरी करामत तळमजल्यावर होती. बंब दाराकडे तोंड करून उभा असे, मागे घोड्यांचे ठाण असे आणि साज छताला टांगलेला असे. घंटा वाजली की ठाणाची दारे उघडत, शिकवलेले घोडे आपणहून बंबापुढे येऊन उभे राहत, आणि वरून साज पाठीवर सोडला की कड्या अडकवण्याचेच काम उरे. अनेक ठिकाणी बंबाचे बॉयलर इमारतीतल्या भट्टीला नळीने जोडलेले असे, त्यामुळे बाहेर पडण्याआधीच त्यातले पाणी तापलेले असे. एवढा नेमका विचार करून बांधलेल्या सार्वजनिक इमारती मला फारशा माहीत नाहीत.

वरच्या मजल्यावरून घसरत खाली येण्याचा खांब १८७८ मध्ये शिकागोच्या २१ क्रमांकाच्या केंद्रात कॅप्टन डेव्हिड केन्यन यांनी बसवला. तो लाकडी होता. पितळी खांब नंतर आले. पडून होणाऱ्या दुखापतींमुळे आज अनेक ठिकाणी तो टाळतात.

केंद्रावरच्या मनोऱ्याची कथा थोडी वेगळी आहे. त्यावरून पहारेकरी धूर दिसतो का ते पाहत असे. पण बोस्टनमध्ये १८५२ साली तारयंत्रावर चालणारी सूचनाव्यवस्था सुरू झाली आणि तिचा प्रसार होत गेला, तशी पहाऱ्याची गरज कमी झाली. तरीही मनोरे बांधले जातच राहिले, कारण ओले राहिलेले सुती होज, म्हणजे पाणी मारण्याचे पाइप, कुजत आणि ते वाळवायला उंच जागा लागे. कृत्रिम धाग्यांच्या होजनी हीही गरज बरीच कमी केली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मोटारबंब आले. ते लांबवर लवकर पोहोचत, त्यामुळे कित्येक केंद्रे अनावश्यक ठरली. जिथे काम चालू राहिले तिथे दारे अपुरी आणि जमीन कमकुवत पडू लागली. बंद पडलेल्या केंद्रांची घरे, उपाहारगृहे किंवा संग्रहालये झाली. अशा नूतनीकरणात पितळी खांब हौसेने चकचकीत केला जातो आणि ठाणातला फरशीचा उतार व पन्हळी मात्र सिमेंट ओतून सपाट केल्या जातात, हे मला पटत नाही; घोडे इथे कसे राहत होते याचा पुरावा त्या फरशीतच असतो.