मागची रांग

"ताई, मला मागच्या रांगेत उभं करा. जानेवारीत मी नसणार."

जानेवारीतल्या शाळेच्या गॅदरिंगसाठी गोंधळाची तालीम चालू होती. संबळ वाजवायला गावातले एक काका शेतातलं काम उरकून येतात, दिवटी म्हणून लाटण्याला फडकं गुंडाळलंय. ठेका सगळ्यात पक्का हिचाच. मधली तुळजाभवानीची गोष्टही तिनंच सांगावी असं मनात होतं.

पण आमचा बीड जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, पोरांसकट निघतात, ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचं गाळप संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत परत नाहीत.

ती रडली नाही. बोलता बोलता घुंगरं सोडली आणि शेजारणीच्या पायात बांधून दिली. गाठ दोनदा ओढून पाहिली.

गॅदरिंग दिवाळीआधी घेता येणार नाही का? उद्या हेडसरांना विचारतेच.