पुलावर राहिलेला माणूस

रविवार, रात्री सव्वाबारा

पाऊस अजून थांबलेला नाही. भाचा आत्ता कुठे झोपला. मला झोप येत नाहीये, म्हणून लिहायला बसलोय.

सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा नुसती भुरभुर होती. विल्होळी मागे पडलं आणि वाडीवऱ्ह्याच्या पुढे वायपर पुरेनात. ताई म्हणत होती, पुढच्या रविवारी जा. पण दहा वर्षांच्या पोराला त्रिंगलवाडी दाखवतो म्हणून कबूल केलं होतं, ते मोडवेना. घोटी, इगतपुरी करत तळ्यापाशी गाडी लावली. पायथ्याची लेणी पाहिली, कातळात खोदलेल्या पायऱ्या चढून मारुतीपर्यंत गेलो. वर ढगच ढग, चार हातांवरचं दिसेना. याला काहीच बघायला मिळालं नाही म्हणून मी हळहळत होतो आणि हा ढगात हात घालून घालून हसत होता.

उतरल्यावर टपरीवर चहा घेतला. मावशी कुणाला तरी वाट सांगताना ‘हिरोची वाडी’ म्हणाल्या. यानं ते बरोबर टिपलं. “मामा, कोण हिरो?”

मग त्याला सांगितलं. इरफान खानची या भागात जागा होती. इथल्या लोकांसाठी त्यानं अँब्युलन्स दिली, शाळेतल्या पोरांना पुस्तकं दिली. २९ एप्रिल २०२० ला तो गेला आणि त्यानंतर गावकऱ्यांनी आपल्या वस्तीला हे नाव दिलं. पोरगं मन लावून ऐकत होतं, पण माणूस काही त्याच्या डोळ्यांसमोर येईना. ‘पानसिंग तोमर’ म्हटलं, चेहरा कोराच. ‘स्पायडरमॅनमध्ये होता’ म्हटलं तेव्हा मात्र हातातलं बिस्कीट चहात पडलं.

झालं. घरी येऊन गरम पाण्यानं अंघोळी, पिठलं-भात, आणि आठ वाजता ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ लावला. हिंदीतला. दोन तास सोळा मिनिटं.

मी हा सिनेमा पहिल्यांदा २०१२ साली पाहिला होता, लागला त्याच आठवड्यात. आपल्याकडे तो २९ जूनला आला, अमेरिकेच्याही आधी. तेव्हा बाहेर पडताना मी चिडलेलो होतो. आधीच्या स्पायडरमॅनचा, म्हणजे टोबी मॅग्वायरचा, तिसरा भाग २००७ चा. चौथ्याची तयारी चालली होती, ती जानेवारी २०१० मध्ये बंद पडली आणि लगेच नवा दिग्दर्शक, नवा नट, आणि गोष्ट परत कोळी चावण्यापासून. पाच वर्षांत माणूस काय विसरतो? स्टुडिओला हक्क हातात ठेवायचे तर ठरावीक मुदतीत सिनेमा काढावा लागतो, हे पुढे वाचलं तेव्हा तर राग वाढलाच होता.

आज तो राग मी मागे घेतला. तीच गोष्ट परत सांगण्यात काहीच वाईट नाही. आपण नाशिकच्या माणसांनी तरी ही तक्रार करू नये. रामनवमीच्या दिवसांत पंचवटीत कीर्तनाला लोक बसतात, उत्तररंगात बुवा आख्यान लावतात, आणि सीतेचं पुढे काय होणार हे पुढ्यात बसलेल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. तरी कुणी उठून जात नाही. आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये पहिला सिनेमा काढला तो हरिश्चंद्राचा, म्हणजे घराघरांत तोंडपाठ असलेला. माहीत असलेली गोष्ट माणसं आनंदानं ऐकतात. बुवांनी एखादं पात्र वनात पाठवलं आणि पुढे त्याचं नावच घेतलं नाही, तर मात्र ती अस्वस्थ होतात.

या सिनेमात नेमकं तेच झालंय. पण आधी जे आवडलं ते लिहितो, कारण आज ते मला २०१२ पेक्षा कितीतरी जास्त आवडलं.

अँड्र्यू गारफिल्ड (पीटर, म्हणजेच स्पायडरमॅन) आणि एमा स्टोन (ग्वेन) शाळेच्या कॉरिडॉरमध्ये उभे आहेत. त्याला तिला बाहेर भेटायला बोलवायचंय. तो ‘आपण जर’ म्हणतो आणि थांबतो, ‘किंवा असं करू’ म्हणतो आणि परत थांबतो. ती ‘हो, चालेल’ म्हणते, तिचंही वाक्य पुरं होत नाही. काय ठरलं, कुठे जायचं, कधी जायचं, एक शब्द नाही. दोघं हसतात आणि ठरलेलं असतं. एवढ्या मोठ्या खर्चाच्या सिनेमात असं अडखळणं ठेवायला धाडस लागतं. दिग्दर्शक मार्क वेबनं याआधी प्रेमाचाच एक सिनेमा केला होता, ते इथे जागोजागी जाणवतं. माझं स्पष्ट मत आहे, पीटर आणि ग्वेन इतकं खरं जोडपं सुपरहिरोंच्या सिनेमात मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि ग्वेन नुसती वाचवून घ्यायला ठेवलेली नाही. प्रयोगशाळेत उभी राहून, माणसांना सरडा करणाऱ्या औषधाची तोड तीच तयार करते.

भाच्याला बेसिनचा प्रसंग आवडला. कोळी चावल्याच्या दुसऱ्या दिवशी पीटर दात घासायला जातो. ट्यूब दाबतो तर पेस्ट भस्सकन आरशावर, नळ फिरवतो तर नळच हातात. हा सोफ्यावर लोळून लोळून हसला. मला तिथे जाळ्याची यंत्रं आवडली. मॅग्वायरच्या मनगटातून जाळं आपोआप यायचं. इथला पोरगा ते सोडणारं यंत्र स्वतः बनवतो, मूळ कॉमिकमध्ये होतं तसं. खोलीत बसून घड्याळाचे भाग उघडतो, जुळवतो, चुकतो, परत जुळवतो. अंगात ताकद कोळ्यानं आणली, पण हे त्यानं डोक्यानं केलं. भाच्यानं लगेच विचारलं, आपल्याकडे जुनं घड्याळ आहे का. आहे. उद्या शोधून द्यायचंय.

आणि अंडी. मे काकूनं येताना अंडी आणायला सांगितलेली असतात. शेवटी शहर वाचवून, तोंड सुजलेलं, अंग फुटलेलं, असा तो रात्री दारात येतो. काकू काही बोलणार तेवढ्यात सॅकमधून अंड्यांचा खोका काढून पुढे करतो. ती त्याला जवळ घेते. विचारत काहीच नाही. माझ्या घशात आवंढा आला. घरातल्या माणसाला शब्द दिला की तो कसा पाळायचा, ते या एका खोक्यात आहे.

म्हणूनच बाकीचे शब्द पाळले नाहीत याचं मला इतकं लागलं.

काकाचा मृत्यू घ्या. पीटर दुकानात चॉकलेट मिल्क घेतो, दोन सेंट कमी पडतात. दुकानदार सोडत नाही, वर टोमणा मारतो. मागे उभा असलेला माणूस गल्ल्यातले पैसे उचलतो आणि जाता जाता ती बाटली पीटरकडे फेकतो. दुकानदार ओरडतो, मदत कर. पीटर बाटली हातात धरून निघून जातो. दोन मिनिटांत त्याच चोराच्या बंदुकीतून बेन काका जातो. हा प्रसंग मला जुन्या सिनेमातल्यापेक्षाही जास्त टोचतो. दोन सेंटचा राग आणि फुकट मिळालेली एक बाटली, एवढ्यावरून आयुष्य फिरलं. आपण सगळ्यांनीच कधी ना कधी असल्या फालतू रागात कुणाची तरी हाक कानाआड केलेली असते.

मग पीटर त्या चोराला शोधायला लागतो. मनगटावर ताऱ्याचं गोंदण, एवढी खूण. गल्लीबोळांत एकेकाला धरून मनगट उलटून बघतो. मुखवटासुद्धा त्यातूनच येतो. आणि अर्ध्या वाटेवर हा शोध नाहीसा होतो. तो चोर सापडतही नाही आणि ‘आता मी त्याला शोधणार नाही’ असं पीटर म्हणतही नाही. याची एक बाजू मला दिसते. ग्वेनच्या घरी जेवताना तिचे पोलीस अधिकारी वडील म्हणतात की हा मुखवटेवाला स्वतःचा सूड उगवत फिरतोय, आणि पुढच्याच प्रसंगात, पुलावर, पीटर पहिल्यांदा परक्यांसाठी जीव धोक्यात घालतो. म्हणजे सूड मागे पडला. पण मग ते दाखवा ना. एखाद्या अनोळखी मनगटाकडे त्याची नजर जाते आणि तो पुढे चालू लागतो, एवढं पुरलं असतं.

आईवडिलांचंही तेच. ‘आजवर न सांगितलेली गोष्ट’ म्हणून जाहिरात केली होती. सिनेमा उघडतो तोच वडिलांच्या विस्कटलेल्या खोलीनं. तळघरात त्यांची बॅग सापडते, त्यात कागद. नंतर सगळं गप्प. शेवटी नावं येताना तुरुंगातल्या अंधारात एक जण विचारतो, पोराला बापाबद्दल सांगितलंस का. उत्तर येतं, नाही. आम्हालाही नाहीच सांगितलं.

सरड्याबद्दल, म्हणजे खलनायकाबद्दल, फार लिहीत नाही. कापलेला हात परत यावा म्हणून झुरणारा शास्त्रज्ञ मनाला भिडतो. तोच माणूस स्वतः सरडा होऊन सगळ्या शहराला सरडे करायला निघतो तेव्हा ती पकड सुटते. चेहराही सपाट, ना माणसाचा ना सरड्याचा.

आता तो पूल. इरफान इथे राजित राठा आहे, ऑस्कॉर्प कंपनीचा माणूस. मालक मरणाला टेकलाय, औषध हवंय, म्हणून तो शास्त्रज्ञावर दबाव आणतो. आवाज चढवत नाही. औषध दवाखान्यातल्या माजी सैनिकांवर करून बघू, हे तो असं म्हणतो की कागद पुढे सरकवल्यासारखं वाटतं. ‘पानसिंग तोमर’ २०१२ च्याच मार्चमध्ये आला होता. चंबळच्या घळीत पळणारा माणूस आणि हा सुटातला थंड माणूस, मध्ये चार महिन्यांचं अंतर. भाचा सरसावून बसला होता. “हाच ना हिरो?” हाच. राठा गाडीत बसून पुलावर जातो. सरडा येतो, गाड्या फेकतो. स्पायडरमॅन एका लटकत्या गाडीतून लहान मुलाला काढतो, धीर यावा म्हणून स्वतःचा मुखवटा त्याला घालायला देतो. भाच्यानं उशी घट्ट धरली होती. अप्रतिम प्रसंग आहे, त्यात वाद नाही.

पण मुलगा वाचल्यावर पाचच मिनिटांनी प्रश्न आला. “मामा, हिरो कुठे गेला?”

म्हटलं, येईल पुढे. मला खरंच वाटलं होतं येईल. भाचा शेवटपर्यंत वाट बघत होता. मधे दोनदा विचारलं. नावं वर सरकायला लागली तरी उठला नाही. राठा परत आलाच नाही. गाडीत बसलेला शेवटचा दिसला, त्यानंतर त्याच्याबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही. आणि मी २०१२ मध्ये थिएटरमध्ये बसून हे पाहिलं होतं, मला तेव्हा हे खटकलंही नव्हतं. आपल्या माणसाला तिथे काम मिळालं, यातच आनंद मानला होता. सकाळी ज्या नटाच्या वाडीचं नाव ऐकून आलो, तो तिथे पुलावरच राहिला.

शेवटच्या क्रेनबद्दल लिहिल्याशिवाय झोपायचं नाही. पीटरच्या पायाला गोळी लागलीय, सरड्याला गाठायचं ती उंच इमारत लांब आहे. पुलावरून वाचवलेल्या मुलाचा बाप क्रेन चालवतो. तो बाकीच्या क्रेनवाल्यांना फोन करतो, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी एकेक क्रेन आपला हात रस्त्यावर आणते, त्याला झोके घेता यावेत म्हणून. तेव्हा मित्र म्हणाला होता, किती फिल्मी. मला आज ऑगस्ट २०१९ आठवला. गोदाकाठचा दुतोंड्या मारुती पुराच्या पाण्याखाली गेला होता, सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी शिरलेलं. शेजारच्या दुकानातला माल उचलायला जे आले होते त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. एकानं दुसऱ्याला फोन केला होता, एवढंच. मला तो प्रसंग फिल्मी वाटत नाही.

जाळं बांधायची या मंडळींना घाई झाली आणि पुढच्या भागांच्या भरवशावर त्यांनी टोकं मोकळी ठेवली. दुसरा भाग २०१४ ला आला, त्यात ग्वेन पडली आणि पीटरला तिला वाचवता आलं नाही. तिसरा निघालाच नाही. पुढे २०२१ मध्ये तिन्ही स्पायडरमॅन एकत्र आले, तेव्हा गारफिल्डनं उंचावरून पडणाऱ्या दुसऱ्या एका मुलीला झेललं आणि त्याचे डोळे भरून आले. थिएटरमध्ये माझेही आले होते. एक टोक सात वर्षांनी, दुसऱ्याच्या सिनेमात का होईना, बांधलं गेलं. राठाचं आता कुणी बांधणार नाही.

झोपताना भाचा म्हणाला, “तो गाडीतून उतरून चालत गेला असेल.”

“कुठे?”

थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “वाडीत.” आणि कूस बदलली.

बुटांतले कागदाचे बोळे भिजलेत, बदलायला हवेत. आणि ते घड्याळ बहुतेक माळ्यावरच्या निळ्या डब्यात आहे.