स्टॉर्मचा नवीन सायलेन्सर आणि २७०० आरपीएमचं घुमणं

सॅन स्टॉर्म आता फार कमी जणांना आठवते. गोव्यात बनायची, दोन सीटची, फायबरची बॉडी, कापडी टप, पुढे रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, पॉवर साधारण ६० हॉर्सपॉवर. आकडा ऐकला की लोक विचारतात ही कसली स्पोर्ट्स कार, पण गाडी बुटकी आहे, हलकी आहे, आणि टप उघडा टाकून ईस्टर्न फ्रीवेवर चढलात की ६० हॉर्सपॉवरमध्ये किती मजा असते ते कळतं. मला ही गाडी मनापासून आवडते आणि तिचा आवाज तिच्या दिसण्याला शोभेल असा असावा असं पहिल्यापासून वाटत होतं.

निमित्त झालं मागच्या मफलरचं, म्हणजे सायलेन्सरच्या डब्याचं. बाहेरून बऱ्यापैकी दिसायचा, हाताने ठोकलं की आत पत्र्याचे तुकडे खुळखुळायचे. मुंबईत हे होणारच. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, एक लिटर पेट्रोलमागे जवळपास एक लिटर पाणी, ते वाफ होऊन मागून निघून जायला हवं, पण गाडी परळ ते दादर आणि परत एवढीच चालली तर सायलेन्सर कधी नीट तापतच नाही, वाफ आतच थंड होऊन तळाला साचते. बाहेरून खारी हवा खाते, आतून पाणी खातं. म्हणून जुन्या गाड्यांचे सायलेन्सर हायवेवर धावणाऱ्यांपेक्षा शहरात उभ्या राहणाऱ्यांचे आधी सडतात.

ओरिजिनल मफलर मिळायचा प्रश्नच नव्हता. कुर्ल्याचा सीएसटी रोड झाला, ऑपेरा हाऊस झालं, दुकानदार दुसऱ्या गाड्यांचे मफलर काढून दाखवायचे, लांबी जुळली तर फ्लँज (पाईप जोडायची चकती) जुळत नाही आणि दोन्ही जुळलं तर हँगरची, म्हणजे सायलेन्सर टांगायच्या हुकाची जागा वेगळी. मग ठरवलं की कॅटच्या (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) पुढची, म्हणजे कॅटपासून मागच्या टोकापर्यंतची सगळी लाईन नवीनच बनवून घ्यायची.

एका ठिकाणी मला सरळ सांगण्यात आलं, अडीच इंची पाईप टाकू, कॅट काढून फेकू, फ्री फ्लो (जवळपास अडथळा नसलेला सायलेन्सर) लावू, मग पिकअप बघा. यातली एकही गोष्ट ६० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला करू नये असं माझं ठाम मत आहे.

पाईपच्या जाडीचं आधी सांगतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ त्यातच आहे. गॅरेजमध्ये एक वाक्य कायम ऐकू येतं, "थोडं बॅक प्रेशर पाहिजेच", म्हणजे सायलेन्सरने गॅस थोडा अडवायलाच हवा. इंजिनाला बॅक प्रेशर कधीच नको असतं, त्याला पाहिजे असतो गॅसचा वेग. एका सिलिंडरमधून गॅसचा धक्का बाहेर पडतो तेव्हा त्याच्या मागे थोडी कमी दाबाची पोकळी तयार होते, आणि ती पोकळी बरोबर वेळेला आली तर उरलेला जळका गॅस ओढून काढायला मदत करते. पाईप फार मोठा घेतला की गॅस मंदावतो, लवकर थंड होतो आणि खालच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) ही मदत जाते. हिंदमाता ते सायन या पट्ट्यात गाडी १५०० ते ३००० आरपीएमच्या वर जातेय कधी? म्हणजे जिथे आपण रोज चालवतो तिथलाच दम काढून घ्यायचा आणि जिथे कधी पोचत नाही तिथे थोडा द्यायचा, असा तो सौदा आहे. मी पावणेदोन इंची पाईप घेतला, आतून साधारण ४१ मिलिमीटर, आणि एवढ्या इंजिनाला तो भरपूर आहे. बेंड मात्र मॅन्ड्रेलचे, म्हणजे आत आधार घालून वाकवलेले घ्यायचे. प्रेस मारून वाकवलेला पाईप वळणावर चेपतो, मग बाहेरून पावणेदोन आणि आत सव्वा अशी अवस्था होते आणि त्याला काही अर्थ राहत नाही.

कॅट काढायचा नाही. १९९५ पासून मुंबईसकट चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा आहे, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं म्हणून भंगारवाल्याला तो हवाच असतो आणि "काढून देतो, फुकट" असं कोणी म्हणालं तर ते फुकट का आहे ते ओळखा. कॅट काढला की पीयूसीचं अवघड होतं हे झालंच, पण टप उघडा असलेल्या गाडीत न जळलेल्या पेट्रोलचा वास थेट डोक्यात जातो. शिवाय कॅटच्या जाळीतून जाताना आवाजाची धार मरते, ती धार मला नकोच होती.

स्टीलसाठी गुलालवाडीत गेलो. स्टेनलेसचं ३०४ ग्रेड घेतलं. ४०९ स्वस्त पडतं आणि कंपन्या तेच जास्त वापरतात, पण ते वरून गंजतं, आणि शिवडीच्या खाडीपासून एवढ्या जवळ राहून मला पुन्हा दोन पावसाळ्यांनी हेच काम काढायचं नव्हतं. ३०४ तापलं की जास्त फुगतं एवढं लक्षात ठेवावं लागतं, म्हणून मध्ये एक फ्लेक्स (लवचीक जोड) टाकलाच पाहिजे नाहीतर वेल्डिंगला चिरा जातात. वेल्डिंग आर्गॉनचंच. सगळं आधी गाडीखाली टॅक मारून, म्हणजे वेल्डिंगचे नुसते ठिपके देऊन बसवायचं, इंजिन हाताने हलवून बघायचं की पाईप कुठे लागतोय का, सगळी रबरं आपापल्या जागी सरळ लोंबतायत का, आणि मगच खाली काढून पूर्ण शिवण मारायची. हे काम शिवडीतल्या एका काकांनी केलं, वयस्कर माणूस, हात इतका स्थिर की शिवण बघत बसावी.

फायबरच्या गाडीत एक गोष्ट पत्र्याच्या गाडीपेक्षा वेगळी आहे, उष्णता. मागचा सगळा स्कर्ट फायबरचा, त्याला गरम टोक जवळ आलं की आधी रंग पिवळा पडतो मग फायबर फुगतं. म्हणून मफलरच्या वर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मध्ये हवेची फट ठेवली, आणि टोक बंपरच्या बाहेर नीट काढलं. टोक बाहेर काढायचं अजून एक कारण आहे आणि ते रंगापेक्षा फार महत्त्वाचं आहे, चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि उघड्या टपाच्या गाडीत मागची हवा फिरून आत येते, तिच्यासोबत कार्बन मोनॉक्साईडही येतो, त्याला वास नसतो. लपवलेलं टोक दिसायला छान असेल पण माझ्या शेजारच्या सीटवर माझी मुलगी बसते.

मफलर सरळ आरपारचा घेतला, आत भोकं पाडलेली नळी आणि भोवती ग्लास वूल, पुढे एक छोटा रेझोनेटर, आवाज अजून मऊ करणारा डबा. बसवून सुरू केली आणि आवाज खरंच सुंदर होता, आयडलला शांत, ३५०० च्या वर गेली की भरीव आणि गोल. मग फ्रीवेवर नेली आणि पाचव्या गिअरला एका जागी स्थिर धरली तर २७०० आरपीएमला सगळी गाडी घुमायला लागली. आवाज मोठा नाही, पण कानात दाबल्यासारखा, बोलणंसुद्धा नको वाटावं असा. फ्रीवेच्या बोगद्यात तर नकोच. २५०० ला नाही, ३००० ला नाही, बरोबर तिथेच.

आता हे का होतं आणि त्याचं काय करायचं हाच या सगळ्या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग आहे. चार सिलिंडर फोर स्ट्रोक इंजिन एका फेरीत दोनदा फायर होतं. २७०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४५ फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ९० धक्के, ९० हर्ट्झ. मोबाईलवर आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप लावलं तर शिखर तिथेच दिसलं. ही फ्रिक्वेन्सी इतकी खालची असते की ग्लास वूलला ती जाणवतही नाही, वूल वरचा कर्कश आवाज खातं, खालचा तसाच सोडतं. दुसरा मोठा मफलर लावला तर थोडा फरक पडेल पण जो आवाज आवडलाय तोही जाईल.

यावर जुना उपाय आहे. मेन पाईपला एक आडवी फांदी जोडायची, तिचं टोक बंद. आवाजाची लाट फांदीत शिरते, बंद टोकाला आपटून परत येते, आणि फांदीची लांबी त्या लाटेच्या लांबीच्या एक चतुर्थांश असेल तर परत येताना ती बरोबर उलटी होऊन मेन पाईपमधल्या लाटेला मारते. मुख्यतः त्याच फ्रिक्वेन्सीला, बाकी आवाज जवळपास जसाच्या तसा. गॅस फांदीतून वाहत नाही म्हणून अडथळाही नाही.

काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "टोक बंद? मग धूर जाणार कुठून?"

"धूर सरळच जाणार काका, फांदीत नुसता आवाज जाईल आणि परत येईल."

थोडा वेळ पाईपकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे विहिरीत हाक मारतात तसं."

अगदी तसंच. लांबीचं गणित असं, साध्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, पण गरम गॅसमध्ये तो वाढतो, २०० डिग्री सेल्सिअसला साधारण ४३५ मीटर. ४३५ भागिले ९० भागिले ४, आलं १.२ मीटर. ३०० डिग्री धरलं तर हेच १.३३ मीटर येतं, म्हणजे फांदीच्या आतलं तापमान किती यावर सगळं अवलंबून, आणि ते कागदावर बसून कळत नाही. म्हणून फांदीचं शेवटचं टोक काकांकडून सरकतं करून घेतलं, एका नळीत दुसरी नळी, वर क्लँप. दुमडून मफलरच्या बाजूला बसवली कारण सव्वा मीटर सरळ ठेवायला या गाडीत जागाच नाही. मग फ्रीवेवर जायचं, परत यायचं, गाडी थंड होऊ द्यायची, टोक थोडं सरकवायचं, पुन्हा जायचं. एका जागी आल्यावर घुमणं एकदम गेलं. कमी झालं असं नाही, गेलं. तिथे क्लँपच्या जागी वेल्ड मारला.

कायद्याचंही लिहितो कारण मला या विषयाचं खरंच वाटतं. मोटार व्हेइकल ॲक्टच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं, आणि आवाजाचे नियम मोडले तर कलम १९० (२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. माझी गाडी १५ वर्षांच्या वरची, तिचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी वाढवावं लागतं, आरटीओत गाडी समोर उभी करावी लागते, तेव्हा सायलेन्सर हा सायलेन्सरच असला पाहिजे. सडलेला पार्ट मिळत नसताना त्याच जागी, त्याच कामाचा, कॅट आणि मफलरसकट नवीन पार्ट बनवणं वेगळं आणि रात्री एक वाजता कोस्टल रोडवर फटाके फोडत जाणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराचा मला मनापासून राग येतो. आमची बिल्डिंग केईएमच्या मागे आहे, टाटा आणि वाडियाही तिथेच, हॉस्पिटलभोवती १०० मीटरचा सायलेन्स झोन असतो आणि तिथे रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. वॉर्डात कोणीतरी आजारी माणूस मुश्किलीने झोपलेला असतो, त्याला माझ्या हौसेशी काय घेणंदेणं. म्हणून रविवारी पहाटे निघताना सुरू करून रेस न करता पहिल्या गिअरला हळू बाहेर काढतो, आवाज काय ऐकायचा तो पुढे फ्रीवेवर. सोसायटीत आजपर्यंत कोणी काही बोललं नाही, खालच्या मजल्यावरच्या आजींना तर सायलेन्सर बदललाय हे कळलंसुद्धा नाही आणि मला ते फार आवडलं.

पॉवर किती वाढली असं सगळे विचारतात. जाणवेल एवढी नाही. पॉवरसाठी पैसे घालायचे असतील तर या गाडीत आधी टायर आणि ब्रेक करा.

पावसाळ्याआधी अजून दोन छोटी कामं केली, मफलरच्या सगळ्यात खालच्या जागी ३ मिलिमीटरचं भोक पाडलं म्हणजे साचलेलं पाणी गळून जाईल, आणि हँगरची सगळी रबरं नवीन टाकली, पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यांवर जुनी रबरं तुटून सायलेन्सर रस्त्याला लागतो. आता पुढे मॅनिफोल्ड आहे, म्हणजे चारही सिलिंडरचा गॅस एकत्र आणणारा भाग. कास्ट आयर्नचा आहे तो काढून ४-२-१ हेडर्स (चार नळ्यांच्या आधी दोन, मग एक) बनवायचा विचार आहे, चारची थेट एक करणाऱ्या ४-१ पेक्षा त्याने मधल्या आरपीएमला जास्त दम मिळतो, पण मॅनिफोल्डचं गॅस्केट हातात आल्याशिवाय नट सोडायचे नाहीत असं काकांनी बजावलंय. कोणाकडे स्टॉर्मचं किंवा याच रेनॉ इंजिनाचं गॅस्केट असेल, वापरलेलं असलं तरी चालेल, माप घेऊन कापून घेता येईल, तर नक्की सांगा.