हर्षिणीचं पान : आठवडा सातवा

अखेर पोथीच्या पानावर सोनं नीट उतरलं. याआधी दोनदा फसलं होतं. डिंकाच्या पाण्यात सोन्याचा वर्ख खलताना घाई केली की बारीक गुठळ्या राहतात आणि बोरू दुसऱ्याच अक्षराला अडतो. या वेळी चार तास खलला. पाणी घातलं, निवळू दिलं, वरचं अलगद ओतून टाकलं; पुन्हा तेच. सगळा डिंक धुऊन निघाल्यावर तळाशी पिवळसर गाळ उरला. त्यात बेताचा ताजा डिंक घालून लिहिलं. वाळल्यावर ओळ मातकट दिसत होती. अकीकाच्या दगडाने घोटली आणि लखलखली! मी कितीतरी वेळ पान दिव्याखाली हलवत बसले होते.

नवीन मंडळींसाठी : मी कल्पसूत्र या जैन ग्रंथाचं एक पान करतेय, महावीरांच्या आईच्या, त्रिशलेच्या चौदा स्वप्नांचं. प्रेरणा जौनपूरच्या १४६५ च्या सुवर्णाक्षरी पोथीची. ती आता वडोद्याच्या ज्ञानभांडारात, म्हणजे जैन ग्रंथालयात आहे. अशा पोथ्या मुख्यतः गुजरातेत होत; तिथून इतक्या लांब, जौनपूरचा सुलतान हुसेनशाह शर्की याच्या राज्यात, हर्षिणी नावाच्या श्राविकेने, म्हणजे जैन गृहस्थ स्त्रीने, ती लिहवून घेतली. चित्रकाराचं नाव अशा पोथ्यांत क्वचितच सापडतं. करवून घेणाऱ्या बाईचं मात्र पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या शेवटच्या नोंदीत सापडतं. आईच्या, नवऱ्याच्या किंवा स्वतःच्या श्रेयासाठी पोथी करवून साधूंना दिली, असं या बायका लिहून ठेवत. घराण्यांच्या वंशावळींत बायकांची नावं गळतात, इथे ती टिकली. मला या पोथ्यांची ओढ लागली ती चित्रांमुळे नाही, या ओळींमुळे.

चित्राची चौकट अजून रिकामी आहे. जुन्या कामातही लेखनिक आधी मजकूर लिही, चित्राची जागा सोडी आणि कडेला चित्रकारासाठी बारीक सूचना टाके. मीही समासात ‘त्रिशला, शय्या’ एवढंच लिहिलंय. पानाच्या मधोमध लाल ठिपका काढलाय. ताडपत्राला तिथे दोरीसाठी भोक असे; कागद आल्यावर दोरी गेली, ठिपका राहिला.

आता चौकटीत आधी वर्ख, मग भोवती हिंगुळाचा लाल, शेवटी काजळीची रेघ. अडचण एकच : बाजूने काढलेल्या चेहऱ्याबाहेर येणारा पलीकडचा डोळा. सरावाच्या कागदावर माझा डोळा गालाला चिकटतोय, मूळ चित्रांत तो हवेत सुटा राहतो. तुमच्यापैकी कुणी ही रेघ एका दमात ओढत असाल, तर सुरुवात नाकाकडून करता की कानाकडून?