बोंबलतस कित्याक?

“म्याडम, हेंका काय एक झाला नाय. हवा तेवा सगळा बरोबर आयकाक येता.”

काकी खुर्चीत टेकायच्या आधीच हे बोलून मोकळ्या झाल्या. काका दाराशी छत्री मिटत उभे होते. दोघं देवगडहून पहिल्या एसटीने कणकवलीला आलेले, काकींच्या साडीचा काठ भिजलेला. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात, आणि वर्षभर अंगावर काढलेली दुखणी घेऊन दर्यावरची माणसं तेव्हाच दवाखान्याची पायरी चढतात. आधी दात, मग गुडघे, आणि सगळ्यात शेवटी कान. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. चौदा वर्षं लोकांचे कान तपासते आहे, पण त्या दिवशीचा तो एक तास मला आजही जसाच्या तसा आठवतो.

काका ५४ वर्षांचे. विसाव्या वर्षी खलाशी म्हणून ट्रॉलरवर चढले, नंतर बरीच वर्षं इंजिन सांभाळलं, आता तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके आहेत. काकींचं म्हणणं असं, की दोनदा हाक मारली तर उत्तर नाही. तिसऱ्यांदा जोरात मारली की वळून अंगावर येतात, “बोंबलतस कित्याक?” म्हणजे पहिल्या दोन हाका ऐकू आल्याच असणार! शेजारचे भाऊजी ओट्यावर बसून डिझेलचा भाव काढतात, तेव्हा हे आतल्या खोलीतून उत्तर देतात. “माजाच बोलणा तेवडा आयकाक येना नाय.”

हे वाक्य मी किती घरांतून ऐकलंय त्याची मोजदाद नाही. ‘मुद्दाम करतात’ हा आरोप कानाच्या दुखण्याइतकाच जुना आहे, आणि त्यात जीव पोळतो तो दोघांचाही.

काकांना मी समोर बसवून सावकाश विचारलं, “तुमचं काय म्हणणं?” त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, “आवाज येता. शब्द कळनत नाय.”

माझं अर्धं निदान तिथेच झालं. मग जमिनीकडे बघत त्यांनी लिलावाची गोष्ट सांगितली. गेल्या मोसमात त्यांच्याच मासळीच्या लिलावात एकाने ‘सातशे’ म्हटलं, यांनी ‘आठशे’ ऐकलं. जेटीवर चार माणसांत बाचाबाची झाली. तेव्हापासून लिलावाला पुतण्या जातो, हे लांब बोटीवरच बसून राहतात. सात आणि आठ. दोन्हींत ‘आ’ तोच, खालच्या स्वरात, भरपूर जोराचा. फरक आहे तो ‘स’चा आणि त्या ‘त’-‘ठ’चा, आणि ‘स’चा सगळा जीव उंच पट्टीत, ४००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही वर. ती पट्टी कानातून गेली की सातशेचे आठशे व्हायला वेळ लागत नाही. शेजारच्या भाऊजींचा खर्जातला आवाज मात्र आतल्या खोलीपर्यंत पोचतो.

कान आतून स्वच्छ होते, पडदे शाबूत. काकांना साउंडप्रूफ खोलीत बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं. ऐकू आलेला सगळ्यात बारीक आवाज २५० हर्ट्झवर २० डेसिबल, ५०० वर २५, छान. १००० वर ३५. २००० वर ५०. आणि ४००० वर मी आवाज वाढवत गेले, ५०, ५५, ६०, ६५, काका शांत, नजर समोरच्या भिंतीवर. ७० ला बटण दाबलं. ८००० वर आलेखाची रेषा पुन्हा थोडी वर, म्हणजे बरीकडे आली. ४००० वर खड्डा असलेला हा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, गोंगाटात काम करणाऱ्यांचा असतो. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची, ती ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढवून आत सोडते. त्यामुळे त्याच पट्टीत आपल्याला सगळ्यात तीक्ष्ण ऐकू येतं आणि गोंगाटाचा मारही त्याच्या जराशा वर सगळ्यात आधी बसतो.

इथवर रोजचंच. पुढची चाचणी मी एरवी पेशंट एकटा असताना करते. त्या दिवशी मात्र काकींना आत बोलावलं, आणि एक कोरा कागद घेऊन त्यावर उभी रेघ मारली. डावीकडे काका, उजवीकडे काकी.

आधी काकींना हेडफोन लावला. ४००० हर्ट्झची शिट्टी, कमीपासून सुरू. “कसो वाटता ता सांगा, तुमच्या शब्दात.” २० ला त्यांना पहिल्यांदा चाहूल लागली. ४० ला म्हणाल्या “हळू”, ६० ला “बरो”, ८० ला “मोठो”. ९५ ला हात वर करून “नको, नको”.

मग काका. ४०, काही नाही. ६०, काही नाही. काकी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांना स्वतःला जो आवाज चांगला भरघोस लागला होता, तो नवऱ्याच्या कानात वाजत होता आणि नवऱ्याच्या पापणीलाही पत्ता नव्हता. ७० ला बोट हललं, “आयला.” ७५ ला “हळू”. ८० ला “बरो”. ९० ला कपाळाला आठी, “मोठो”. ९५ ला काकांनी हेडफोन ओढून काढला आणि जवळजवळ ओरडले, “बंद कर गो, कान फुटतले!”

मी कागद दोघांच्या मधे ठेवला. उजवीकडे २० पासून ९५ पर्यंत पसरलेले शब्द, डावीकडे तेच शब्द ७० ते ९५ मधे एकमेकांवर चढलेले. वरची टोकं अगदी एका ओळीत होती.

काकी बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे पयली हाक तेंका गावनाच नाय, आणि तिसरी टाळक्यात बसता.”

इतकं नेमकं मला आमच्या पुस्तकांतही कुणी सांगितलं नव्हतं. बहिरेपणा म्हणजे रेडिओचा आवाज कमी केल्यासारखं काहीतरी, असं आपण धरून चालतो. मग उपाय काय, तर आपण मोठ्याने बोलायचं. पण आतल्या कानातल्या पेशींना इजा झाली की तसं होत नाही. जमीन वर येते, छप्पर तिथेच राहतं. मधे माणसाने वाकून चालायचं.

कारण असं की आवाजाचा मोठेपणा हवेत नसतोच. हवेत असतो तो दाब. डेसिबल हे त्या दाबाचं माप, आणि तेही पटीचं माप, १० डेसिबल वाढले म्हणजे ऊर्जा दहापट. निरोगी कानाला मात्र तेवढ्याने आवाज फक्त दुपटीच्या आसपास वाढल्यासारखा वाटतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९३६ साली या ‘वाटण्या’साठी वेगळं एकक सुचवलं, सोन. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा आवाज म्हणजे १ सोन, ५० चा म्हणजे २, ६० चा म्हणजे ४. दाबाच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्याची अशी घडी कान घालू शकतो, कारण आतल्या शंखात केसांसारखे तुरे असलेल्या पेशींच्या रांगा आहेत. त्यांतल्या बाहेरच्या तीन रांगांत मिळून साधारण १२,००० पेशी. त्या नुसत्या ऐकत नाहीत, आवाजाबरोबर आखडतात आणि लांबतात, आणि बारीक आवाजाला ४०-५० डेसिबलचा हात देऊन वर उचलतात. मोठा आवाज आला की हात काढून घेतात, त्याला गरज नसते. काकांच्या ४००० च्या पट्टीतल्या या पेशी इंजिनाशेजारी गेल्या. एकदा गेल्या की त्या पुन्हा येत नाहीत. आता बारीक आवाजाला उचलायला कुणी नाही, आणि मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा. म्हणून ७० ला जेमतेम चाहूल आणि त्यापुढे अवघे २५ डेसिबल वाढले की कान फुटायची पाळी.

काकींनी पिशवीतून तेव्हा एक बिस्किटांचा डबा काढला. त्यात कानाचं मशीन. तीन वर्षांपूर्वी एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेलं, तपासणी न करता. सगळे आवाज सारखेच वाढवणारं. काकांनी ते चार दिवस घातलं. भांडं पडलं, बाजूची बोट सुरू झाली, कुत्रं भुंकलं की डोक्यात हातोडा. पाचव्या दिवसापासून ते डब्यात, आणि घरात नवं भांडण: “पैशे घालवलेत आणि घालूक नको.” असले डबे मी खूप पाहिलेत आणि प्रत्येक वेळी पोटात तुटतं. सुरुवातीच्या वर्षांत मीही एका आजोबांचं मशीन घाईघाईत असंच वाढवून दिलं होतं. ते पुन्हा कधी आले नाहीत.

काकांना चाचणीसाठी म्हणून दोन्ही कानांना मशीन लावली, कागदावरच्या डाव्या रकान्याप्रमाणे बसवून. वरच्या पट्टीत ५० चा आवाज आला तर २५ डेसिबलची भर, ८० चा आला तर जेमतेम ५ ची, आणि ९० च्या वर काहीच जाऊ द्यायचं नाही. पेशी जे करत होत्या त्याची ओबडधोबड नक्कल. काकांनी पहिल्यांदा तक्रार केली ती काकींच्या प्लास्टिकच्या पिशवीची. “ती पिशवी ठेव गो बाजूक, किती चुरचुरता!” मला फार बरं वाटलं. ती चुरचुर त्यांना कित्येक वर्षांत पोचली नव्हती. मग मी तोंडासमोर कागद धरून, नेहमीच्या आवाजात एकेक आकडा म्हटला. सात. आठ. साठ. सात. चारपैकी तीन बरोबर. ‘साठ’ला चुकले. मशीन शब्द पोचवतं, पण गेलेल्या पेशींचं स्पष्टपण काही परत आणत नाही, हे मी दोघांनाही तिथेच स्पष्ट सांगितलं.

काकींना सांगितलं, की मागून हाक मारू नका, समोर या, नाव घ्या, आणि हळू आवाजात नव्हे पण सावकाश बोला. त्यांनी तिथेच करून बघितलं. खुर्ची काकांच्या पुढ्यात ओढली आणि ओरडायच्या सवयीने उचललेला आवाज मधेच खाली आणून विचारलं, “चाय घेतलास काय?” काका म्हणाले, “सकाळपासून खय गावली?”

जुलै संपता संपता मी देवगडला गेले, आनंदवाडीच्या जेटीवर. बंदी उठायला दोन दिवस, बोटी पाण्यात उतरवून इंजिनं सुरू करून बघणं चाललं होतं. काकांच्या बोटीवर इंजिनाच्या झाकणापाशी आवाजाचं मीटर धरलं. ‘ए’ मापावर १०० डेसिबल. तेच ‘सी’ मापावर केलं तर १०६. ‘सी’ माप खर्ज जवळजवळ पुरता मोजतं, ‘ए’ तो कमी धरतं, म्हणून हा फरक सगळा खर्जाचा. खालच्या आवाजाला आपला कान भोळा आहे. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ साली मोजून मांडलं. आजच्या मापाप्रमाणे १००० हर्ट्झच्या ४० डेसिबलइतका मोठा वाटायला १०० हर्ट्झच्या आवाजाला साधारण ६४ डेसिबल लागतात. ‘ए’ माप कानाच्या याच भोळेपणाला धरून बेतलेलं आहे. डिझेल इंजिनाची धडधड छातीत जाणवते, पण कानाला तेवढी मोठी वाटत नाही. शिवाय ती धडधड वरच्या पट्टीतल्या आवाजांना झाकून टाकते, म्हणून बोटीवर सगळेच ओरडून बोलतात.

शेजारच्या बोटीचंही इंजिन सुरू झालं, तेवढंच मोठं. काकांचा पुतण्या म्हणाला, “आता दोनशे दाखवतला?” मी त्याला सांगितलं, दोन्हींचा आवाज एकाच जागी १००-१०० भरला तरी मीटर दाखवील १०३. एकाचं दोन झालं की ३ डेसिबल वाढतात. कानाला हा ३ चा फरक जाणवतो न जाणवतोसा. पण अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा, नायोशचा, हिशेब ३ डेसिबलला वेळ निम्मा करतो. ८५ ला दिवसाचे आठ तास, ८८ ला चार, असं करत १०० ला पंधरा मिनिटं. कान ‘थोडा वाढला’ म्हणतो तेव्हा पेशींची मुदत अर्धी झालेली असते. आमच्या कामात मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट हीच आहे: किती मोठा वाटतो आणि किती मारतो, हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि माणूस पहिल्यावरच भरवसा ठेवतो.

काकांसाठी मी कानावर घालायचे, आवाज अडवणारे मफ नेले होते. त्यांनी घातले, इंजिनाकडे बघून मान डोलावली. पुतण्यासाठीही एक जोड होती. तो इंजिनाच्या झाकणालाच टेकून बसला होता, एका पायाची मांडी घालून, मोबाइल बघत. हसून म्हणाला, “माका नको म्याडम. सवय झाली. आता मोठो वाटना नाय.”

काकांनी मफ एका बाजूने उचलला. “काय म्हणता तो?”

मी त्यांच्या समोर जाऊन सांगितलं. काकांनी पुतण्याच्या हातातला मोबाइल काढून खिशात घातला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन स्वतः कणकवलीला आले.

तो २३ वर्षांचा आहे. त्याच खुर्चीत बसला, तेच बटण हातात. १००० वर १०, २००० वर १०. ४००० वर ३०.