हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, तिथी मोजून

हरिहरेश्वर आमचं कुलदैवत. लग्नानंतर आई-बाबा जोडीनं आले तेव्हा आईनं प्रदक्षिणा केली होती, पुढे ती राहूनच गेली. म्हणून यंदा माघातल्या एकादशीला तिला घेऊन गेले. आदल्या दिवशी पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा करत संध्याकाळी पोहोचलो. ऊन चढायच्या आत सगळं उरकू, असा माझा बेत होता.

इथला क्रम ठरलेला आहे. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. श्रीवर्धनच्या भटांचं, म्हणजे पेशव्यांचंही हेच कुलदैवत. दर्शन शांतपणे झालं. पण प्रदक्षिणा नुसती देवळाभोवती नाही, ती मागच्या डोंगराला आहे. पायऱ्या चढून वर गेलो. पलीकडे दोन कड्यांच्या चिरेतून थेट समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्या लागतात. साडेआठ वाजले होते. खालच्या पायऱ्यांवर लाटा फुटत होत्या, पुढची वाट पाण्याखाली होती. आई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला.

खोलीवर परतलो तर घरमालकीण काकू म्हणाल्या, "अहो ताई, आज एकादशी ना? अकराची पाऊणपट करा. सव्वाआठ. तेव्हा भरती पूर्ण. त्यात सहा तास मिळवा, सव्वादोनला ओहोटी. एक वाजता निघा, पाणी उतरत असतानाच जायचं."

चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. अख्ख्या कोकणाला पाठ असलेला हा हिशोब मला चाळिशी उलटल्यावर कळला. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, हेही त्यांनीच सांगितलं. मग वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी खाऊन आम्ही वाट बघत बसलो.

एकला पुन्हा त्याच पायऱ्या. सकाळी जिथे पाणी उसळत होतं तिथे आता काळा, ओला खडक होता. तिथून डोंगराच्या पायथ्यानं चालायचं. कड्याला लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्यानं अशी भोकं पाडली आहेत की मधाचं पोळंच वाटावं. आई मध्येच थांबून त्यात बोटं घालून बघत होती. सुका खडक तापलेला, ओल्यावर शेवाळ, त्यामुळे प्रत्येक पाऊल तपासून टाकावं लागलं. हात धरून, बसत-उठत आम्ही तासाभरात वळसा पूर्ण केला. इथे माणसं वाहून गेलेली आहेत, धोक्याच्या पाट्याही आहेत. पावसाळ्यात किंवा पाणी चढत असताना या वाटेला कुणीही जाऊ नये, हे मी कळकळीनं सांगते.

वाळूवर आल्यावर आईनं समुद्राला हात जोडले, मग काळभैरवाकडे गेलो.

पाचच्या सुमारास देवळाबाहेर एक कुटुंब प्रदक्षिणेची वाट विचारत होतं, लहान मुलं बरोबर. मी काही बोलायच्या आत आई पुढे झाली. "आत्ता नको हो, पाणी चढतंय. उद्या द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ, त्यात सहा मिळवा, म्हणजे तीन. दोनला निघा."